रानफुलांचा खर्च कोणी केला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रताप नगरात आमच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट आहे. त्याचा मालक पुण्याला असतो की बंगळूरला, हे गल्लीत कोणालाच नक्की ठाऊक नाही. उन्हाळ्यात तिथे विटांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या तेवढ्या दिसतात. पण मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की तरोटा उगवतो. त्याचा कोवळा पाला खुडून अम्मी भाजी करायची, तेव्हा हा भाग म्हणजे जवळजवळ वावरच होता. श्रावणात केन्याची निळी फुले येतात, सकाळी उघडतात आणि दुपारच्या आत मिटतात. मग एकदांडी, विष्णुक्रांता, आणि पोळ्याच्या सुमारास कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे. गाजरगवत तर बाराही महिने असतेच.

मागच्या पावसाळ्यात मी फाटकाशी उभा राहून हे पाहत होतो, तेव्हा शेजारच्यांनी विचारले, ''काय शोधता भाऊ? काही हरवलं का?'' मी म्हटले, ''फुलं पाहतो आहे.'' ते म्हणाले, ''याचा काही उपयोग असतो का?''

प्रश्न साधा होता आणि त्यात वावगे काही नव्हते. मला मात्र त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न सुचला. उपयोग नसलेल्या या फुलांना नावे कोणी दिली, ती कागदावर कोणी उतरवली, आणि त्या कामाचे पैसे कोणी मोजले?

आधी एक कबुली देतो. मी बी. ए. झालेला माणूस. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेत ब्लेडने जास्वंदीचे फूल उभे चिरले, तेवढाच. घरात उर्दू गझल ऐकत वाढलो आणि लिहीत आलो मराठीत. गझलेत गुलाब आहे, नर्गिस आहे, लाला आहे. मराठी कवितेत मोगरा, जाई, प्राजक्त. दोन्हीकडे फुले बहुतेक बागेतली, माळी ठेवलेली. केन्यावर कोणी शेर लिहिल्याचे मला आठवत नाही. मीही लिहिलेला नाही. तेव्हा आजचे बोलणे म्हणजे थोडी परतफेड समजा.

नागपूरपासूनच सुरुवात करू. १९०६ साली इथे शेतकी महाविद्यालय सुरू झाले. त्या काळात मध्य प्रांत सरकारच्या चाकरीत आर. जे. डी. ग्रॅहम नावाचे एक वनस्पतितज्ज्ञ होते. त्यांचा हुद्दा होता 'इकॉनॉमिक बॉटनिस्ट'. आपल्या भाषेत सांगायचे तर पैसा देणाऱ्या वनस्पतींचा जाणकार. सरकारला हवा होता कापूस, गहू, जवस. पगार त्यासाठी होता. पण या गृहस्थांनी १९११ साली एक यादी छापली ती नागपूर आणि तेलंखेडी इथल्या सरकारी शेतांवर आढळलेल्या रानवनस्पतींची. म्हणजे ज्या झाडोऱ्याला मजूर बायका निंदणात उपटून धुऱ्यावर फेकत होत्या, त्याची हजेरी या माणसाने लावली.

तेलंखेडी आमच्यापासून काही फार दूर नाही. एकशे चौदा-पंधरा वर्षांपूर्वी तिथे काय उगवत होते, हे आज सांगता येते, ते कापसाच्या पगारातून निघालेल्या या जोडकामामुळे. त्या यादीमागे कोणाकोणाचे हात होते, ते मात्र सांगता येत नाही. शेतावरच्या कोणी तरी त्यांना 'हा केना, हा कुर्डू' असे सांगितलेच असणार. पेरणीपासून कापणीपर्यंत तणाशी ज्यांचा रोजचा झगडा, त्यांच्याइतकी तणाची ओळख कोणाला असते? नागपूर जिल्ह्याच्या साऱ्या वनस्पतींचे पुस्तक, एन. आर. उगेमुगे यांचे, निघाले १९८६ साली. मधल्या पाऊणशे वर्षांत या शहरात किती गिरण्या, किती कॉलेजे, किती वसाहती उभ्या राहिल्या, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

जोडकामातून रानफुलांचे भागवायची ही रीत त्याहून जुनी आहे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान निघाले. १८३८ पासून ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होते. जुन्नरजवळ हिवरे इथेही त्यांची बाग होती. कंपनी सरकार फुलांसाठी पैसे सोडणारे नव्हते. म्हणून गिब्सन यांनी या बागांत औषधी वनस्पती लावल्या आणि लष्कराच्या व इस्पितळांच्या कोठारांना औषधे पुरवली. औषधांनी बागेचा खर्च सोसला आणि बागेच्या कडेने रानातल्या वनस्पतींचा अभ्यास चालला. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढेच कळते. नाव कुठे नोंदलेले नाही. पाकळीवरची शीर न् शीर काढणाऱ्या त्या माणसाचे नाव लिहायला एक ओळ पुरली असती.

उलट एका फुलाला नाव मिळाले ते गव्हर्नरसाहेबांचे. गिब्सन यांच्यानंतर मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेल्या डॅल्झेल यांनी १८६५ साली जुन्नरच्या बाजूच्या एका वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. कड्याच्या कपारीत वाढणारी, मांसल खोडाची, किरमिजी फुलावर पिवळे ठिपके असलेली ही वनस्पती. शिवनेरीच्या कड्यावरची म्हणून ती अनेकांना माहीत असते. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. डॅल्झेल यांनी तिचे नाव 'फ्रेरिया इंडिका' ठेवले, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ. आश्रयदात्याला खूश ठेवण्याची पद्धत आम्हा कवींना नवी नाही. दरबारी कसीद्यांचा सारा संसार त्यावरच चालला. पुढे वर्गीकरण बदलले, 'फ्रेरिया' ही स्वतंत्र प्रजाती मोडीत निघाली आणि आता शास्त्रज्ञ तिला 'बुसेरोसिया फ्रेरेइ' म्हणतात. नाव मागून पुढे, पुढून मागे झाले, पण गव्हर्नर काही सुटला नाही. वनस्पतीची गत मात्र अशी की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातल्या अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींच्या निवडक यादीत तिची गणना झाली.

आता देणगीदारांकडे वळू. आमच्या नागपूरकरांना दान म्हटले की रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण आठवतात. कामठीचे हे खाणमालक. १९३० साली त्यांनी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. पैसा दिला तो उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी. तेले, रंग, साबण, कारखाने. त्या दानाने विदर्भातल्या कितीतरी घरांत पहिला इंजिनीअर आला, त्याबद्दल दुमत नाही. पण रानफुलांच्या वाट्याला असे दान कधी आले का?

आले, पण वळसा घालून. कलकत्त्याचे नामवंत वकील रासबिहारी घोष यांनी १९१३ साली कलकत्ता विद्यापीठाला १० लाख रुपये दिले. त्यातून विज्ञानाची चार अध्यासने निघाली. त्यातले एक वनस्पतिशास्त्राचे, तेही शेतीशी निगडित. म्हणजे इथेही उपयोगाचे बोट धरूनच आत शिरायचे. त्या जागेवर निवड झाली ती मालवणच्या एका तरुणाची, शंकर पुरुषोत्तम आघारकरांची. जन्म १८८४. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवत असलेले. सातारा जिल्ह्यातल्या वाहत्या पाण्यात त्यांनी गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधून काढला होता. हा प्राणी समुद्रातलाच, अशी सर्वसामान्य समजूत असताना! घोष यांच्याच देणगीतल्या प्रवास-शिष्यवृत्तीवर ते जर्मनीला गेले आणि १९१४ चे महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून शत्रूच्या मुलुखात अडकले, स्थानबद्ध झाले. तरी १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच परतले. विषय काय, तर वायव्य हिंदुस्थानच्या रखरखीत प्रदेशातल्या वनस्पती आणि त्यांचा प्रसार. विदर्भाच्या उन्हात राहणाऱ्याला या विषयाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

कलकत्त्याची नोकरी संपवून १९४६ साली आघारकर पुण्याला आले. निवृत्त माणसाने काय करावे? यांनी संस्था काढली, 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी'. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली लोकांच्या वर्गणीतून विज्ञानसंस्था उभी केली होती. तसे काही आपल्याकडे असावे, ही त्यामागची ओढ. १९६० साली डोळे मिटेपर्यंत ते तिचे मानद संचालक होते. १९९२ साली या संस्थेच्या संशोधनकेंद्राला त्यांचे नाव दिले गेले आणि आज केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर ती चालते. गंमत पाहा, आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर रस्ता. एक 'घा'चे, एक 'ग'चे. समाजसुधारक आगरकर घराघरात माहीत. वनस्पतितज्ज्ञ आघारकरांचे नाव ऐकून लोक शुद्धलेखनाची चूक समजतात.

या संस्थेने गहू दिला, सोयाबीन दिले, द्राक्षावर काम केले. तिचे नाव शेतकऱ्यापर्यंत पोचले ते त्या वाणांमुळे. पण त्याच छपराखाली एक हर्बेरियम आहे, शुष्क वनस्पतींचा संग्रह. हर्बेरियम म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण खरा खर्च तिथे आहे. रानातून फांदी आणायची, फुलासकट. वर्तमानपत्राच्या घड्यांत ती दाबून वाळवायची, कागद रोज बदलायचे. वाळली की जाड कागदावर डकवायची किंवा टाके घालून बसवायची. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, कोणी गोळा केले. मग कपाटात. इथे काम संपत नाही. पावसाळ्यात बुरशी, बाराही महिने कसर. डांबरगोळ्या घाला, पुन्हा पुन्हा तपासा, कुरतडलेले दुरुस्त करा. नावे बदलली की चिठ्ठ्या बदला. हे सारे पन्नास वर्षे, शंभर वर्षे. दात्याला इमारतीवर पाटी लावता येते, डांबरगोळीवर लावता येत नाही. आणि कपाट उघडले की चिठ्ठीवरून कळते की अमुक साली अमुक टेकडीवर हे फूल होते. आज टेकडीच नसली, तर तो कागद हाच काय तो पुरावा.

१९४६ या सालाचे काय होते कोण जाणे. त्याच वर्षी लखनौला प्राध्यापक बिरबल साहनी यांनी पत्नी सावित्रीबाईंसह स्वतःची मालमत्ता, पुस्तके आणि जीवाश्मांचा संग्रह देऊन पुरावनस्पतिशास्त्राची संस्था स्थापन केली. एप्रिल १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी इमारतीची कोनशिला बसवली आणि आठवड्याभरातच साहनी वारले. पुढे सावित्रीबाईंनी ती संस्था उभी केली.

त्या गोष्टीला नागपूरचे एक टोक आहे. इथून उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान आहे. दख्खनचा लाव्हा वाहत होता, त्या काळात, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तिथल्या तळ्याकाठची झाडेझुडपे गाळात दबून दगड झाली. नागपूरच्या सायन्स कॉलेजातले व्ही. बी. शुक्ल यांनी तिथल्या दगडातून एक फूल शोधले. पाकळ्या, पुंकेसर सारे दगडात जसेच्या तसे. १९४४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करताना त्यांनी साहनींच्या नावावरून त्याला 'साह्नियान्थस' हे नाव दिले. मला या घटनेचे फार अप्रूप वाटते. ना त्या फुलाचा कोणाला उपयोग, ना सुगंध, ना रंग. एका कॉलेजातल्या मास्तराने गारगोटी कापावी, घासावी, भिंगाखाली धरावी आणि ज्याला पाहायला त्या काळी एकही माणूस पृथ्वीवर नव्हता ते फूल त्याला दिसावे! इथे कोणाला नजराणा द्यायचा नव्हता, तर विषयाला वाहिलेल्या माणसाचे नाव होते.

आता पुन्हा शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे येतो. उपयोग काय? तर ऐका मुसळीची गोष्ट. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर सांतापाऊ नावाचे स्पेनचे जेझुइट पाद्री होते. संन्यस्त माणूस, संसार नाही, पायी रान तुडवायची हौस. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याची स्वातंत्र्यानंतर नव्याने घडी बसली, त्यात त्यांचा मोठा वाटा. त्यांनी १९५५ साली फर्नांडिस यांच्यासह एका छोट्या पांढऱ्या फुलाच्या वनस्पतीचे वर्णन केले. बोरिवलीच्या रानावरून तिचे नाव ठेवले 'क्लोरोफायटम बोरिविलियानम'. तेव्हा ही फक्त संग्रहातली आणखी एक चिठ्ठी होती. पुढे हीच 'सफेद मुसळी' म्हणून बाजारात गाजली. मुळांना भाव आला, तेव्हा रानातून ती पोत्यांनी उपसली गेली. मग २००० च्या आसपास तिच्या लागवडीचे वारे आपल्या विदर्भातही शिरले. महागडे बियाणे घेऊन शेतकऱ्यांनी मुसळी लावली, भाव कोसळले आणि अनेकांचे हात पोळले. माझ्या नात्यातल्या एकाने त्यात दोन एकर घातले होते. फूल निरुपयोगी होते तोवर ते सुखाने रानात होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. त्याची ओळख पटवणारा, ते कुठे किती उरले आहे हे मोजणारा माणूस वेळेवर असता, तर उपसा थांबवता आला असता.

अशी माणसे घडवायला पैसा लागतो, आणि त्याहून वेळ. वर्गीकरणशास्त्र शिकायचे तर दहा पावसाळे रानात काढावे लागतात. आमच्या मुलांना तेवढ्या वेळात नोकरी, गाडी, फ्लॅट सारे हवे असते, त्यांचेही चूक नाही. वनस्पती ओळखणारे कमी होत चालले, हे सरकारलाही कळले होते. गेल्या शतकाच्या अखेरीस केंद्राच्या पर्यावरण खात्याने वर्गीकरणतज्ज्ञ तयार करण्यासाठी देशभर एक प्रकल्प काढला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला उद्यानासाठी केंद्राची मदत मिळाली आणि तिथे डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती वाढवल्या. कंदिलासारखे फूल, खाली गोड कंद. गुराखी पोरे तो उकरून खातात. एका पिढीचा मास्तर पुढच्या पिढीचा हात धरून कड्यावर नेतो, तेव्हाच हे शिक्षण होते. पैसा थांबला तर ही साखळीही तुटते.

पैशाशिवाय जपणूक झालीच नाही, असेही नाही. विज्ञानवर्धिनीतले डॉ. व्ही. डी. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून अभ्यासल्या. देवाच्या धाकाने कुऱ्हाड न चाललेली ती राने. हे वाचताना मला आमचे कब्रस्तान आठवले. तिथे नांगर फिरत नाही, ले-आऊट पडत नाही. वडिलांच्या कबरीवर भादव्यात जे बारीक जांभळे फूल येते, ते आता प्रताप नगरात मला कुठे दिसत नाही. नाव विचारले तर कब्रस्तानाच्या रखवालदाराने सांगितले, ''गवत आहे, भाईजान.''

आणि जिथे पैसा आला तिथेही सारे सरळ झाले असे नाही. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी लोटली. वन खाते आणि आसपासच्या गावांची समिती यांनी शुल्क लावले, रोजच्या माणसांवर मर्यादा घातली. गावातली पोरे वाटाडे झाली, राखणदार झाली. फुलाने स्वतःचा खर्च स्वतः काढला, असे मी इतिहासात पहिल्यांदाच पाहत होतो. त्या व्यवस्थेत पठाराला तारेचे कुंपणही घातले गेले. गुरांची चराई थांबली, गवत माजले, आणि बुटक्या फुलांचे ताटवे विरळ होऊ लागल्याची ओरड झाली. २०२२ च्या सुमारास कुंपण काढावे लागले. शतकानुशतके त्या पठारावर म्हशी चरत होत्या आणि फुलेही येत होती, याची नोंद कोणा गुराख्याने केली नव्हती आणि कोणी त्याला विचारलेही नव्हते.

आमच्या समोरच्या प्लॉटवर या दिवाळीनंतर बांधकाम सुरू होणार आहे; मालक सापडला, तो हैदराबादला निघाला. शेजारच्यांची नात बी. एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन शिकते. तिला मी हे सारे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ''आजोबा, मग आपणच यादी करू.'' गेल्या तीन रविवारी सकाळी, केना मिटायच्या आत, आम्ही दोघे तिथे होतो. तिने पिशवीत कात्री आणली, मी रद्दी पुरवली. एकतीस प्रकार झाले. तेवीस तिने ओळखले, पाच अम्मीच्या भाजीवरून मी सांगितले. तिच्या आजोबांनी शेवटच्या रविवारी दोन विटा आणून दिल्या, घड्यांवर वजन म्हणून. तीन फुलांची नावे अजून लागलेली नाहीत. ती याच पुरवणीच्या जुन्या अंकात दाबून ठेवली आहेत.